वाइनची गुणपत्रिका

प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्यात द्राक्ष पारखण्याची विद्या जुनी आहे. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉम्पसन सीडलेसच्या बागेत वेगळी निघालेली काडी हेरून ‘सोनाका’ हे वाण पुढे आणले, ‘शरद सीडलेस’ हे काळे द्राक्षही त्यांच्याच बागेतून राज्यभर गेले, आणि या वाणांच्या मुळाशी प्रयोगशाळेपेक्षा शेतकऱ्याची नजर अधिक होती, ही गोष्ट जिल्ह्यात आजही अभिमानाने सांगितली जाते. आजचा बागायतदार मण्याची फुगवण मिलिमीटरमध्ये मोजतो. रसाची गोडी ब्रिक्समध्ये, म्हणजे रसात विरघळलेल्या घन पदार्थांच्या, मुख्यतः साखरेच्या, शेकडा प्रमाणात मोजतो. आणि माल युरोपला जायचा असेल तर औषधांच्या अवशेषांचा अहवाल हाती आल्याशिवाय घडाला कात्री लावत नाही. बेदाण्याच्या सौद्यात व्यापारी मूठभर दाणे तळहातावर पसरून रंग, आकार आणि चकाकी पाहतो, बोटांनी दाबून ओलावा अजमावतो, एखादा दाणा तोंडात टाकतो आणि भाव बोलतो. हा भाव हीच त्या मालाची गुणपत्रिका असते. भाव बोलणारा स्वतःचे पैसे घालणार असल्याने पारख चुकली तर तोटा त्याचाच होतो, आणि नेमक्या त्याच कारणाने माल एक प्रत खाली ठरवण्यात त्याचा फायदाही असतो.

वाइनच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी उलट्या आहेत. वाइनला गुण देणारा समीक्षक ती बाटली बहुधा विकत घेत नाही; त्याला मालाची प्रत पाडून काही मिळवायचे नसते, हे त्याचे बळ आहे, आणि त्याचा अंदाज फसला तर किंमत ग्राहकाने किंवा उत्पादकाने मोजायची, ही त्या व्यवस्थेतील मूळची उणीव आहे. शंभरपैकी ९२ गुण असा आकडा बाटलीवर चिकटलेला दिसतो तेव्हा तो कोणी दिला, कशाशी तुलना करून दिला, आणि तोच माणूस तीच वाइन दुसऱ्या दिवशी चाखता तर तोच आकडा देता का, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. प्रस्तुत विवेचनाचा विषय हा आकडा आहे. तो कसा तयार होतो, त्यात किती अर्थ भरलेला असतो, आणि ज्या जिल्ह्यात आता वाइन बनते त्या जिल्ह्याने त्याच्याकडे कसे पाहावे, याची ही पूर्वपीठिका.

जिल्ह्यात वाइन बनते, हे वाक्य वीस-पंचवीस वर्षांपूर्वी चमत्कारिक वाटले असते. महाराष्ट्रात आधुनिक वाइनचा पहिला मोठा प्रयत्न १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी पुणे जिल्ह्यातील नारायणगावला केला आणि तेथील फसफसती वाइन परदेशी बाजारातही गेली. पुढे २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, नाशिक ही त्या उद्योगाची राजधानी झाली, आणि सोलापूरचे नाव मात्र खाण्याच्या द्राक्षासाठी, बेदाण्यासाठी आणि अर्थातच डाळिंबासाठी घेतले जात राहिले. माळशिरस तालुक्यातील मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव परिसरातील माळरानावर अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीतील सेची बंधू अशा तीन जोड्यांनी एकत्र येऊन द्राक्षमळे लावले, तेव्हा हे चित्र बदलले. त्यांच्या कंपनीचे ‘फ्रातेल्ली’ हे नाव इटालियन भाषेतील ‘भाऊ’ या अर्थाच्या शब्दाचे अनेकवचन आहे, आणि त्यांच्या सर्वांत नावाजलेल्या लाल वाइनचे ‘सेत्ते’ म्हणजे ‘सात’ हे नाव तीन जोड्यांतील सहा जण आणि सातवे वाइननिर्माते पिएरो मासी यांच्यावरून पडले. मासी हे तोस्काना या इटालियन प्रांतातले. सेत्तेमध्ये त्यांनी त्यांच्या प्रांताचे सांजोवेझे आणि फ्रान्सच्या बोर्दो प्रांताचे कॅबर्ने सोविन्यों ही दोन द्राक्षे एकत्र आणली. उसाच्या पट्ट्याला लागून, वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या भागात फ्रेंच-इटालियन वाण रुजले आणि त्यांची वाइन परीक्षकांसमोर जाऊ लागली. हे परीक्षक कोण आणि त्यांची मोजपट्टी कोठून आली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

वाइनची प्रतवारी करण्याचा सर्वांत प्रसिद्ध जुना प्रयत्न १८५५ चा. पॅरिसमधील जागतिक प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत बोर्दोच्या उत्तम वाइनची यादी हवी होती, आणि ती तेथील दलालांनी केली. पण यादी करताना कोणी वाइन चाखत बसले नाही. कोणत्या मळ्याच्या वाइनला वर्षानुवर्षे काय दर मिळत आला आहे, हे दलालांच्या वह्यांत होते, आणि त्या दरांवरून लाल वाइनच्या पाच श्रेणी ठरल्या. आज गुण आधी आणि किंमत नंतर असा क्रम दिसतो, तो तेव्हा बरोबर उलटा होता; सौद्यातल्या बेदाण्याप्रमाणे बाजाराने दिलेला भाव हाच निकाल मानला गेला. त्या यादीच्या पहिल्या श्रेणीत वरच्या दिशेने झालेला ठळक बदल एकच, तो म्हणजे १९७३ मध्ये शातो मुतों रोथशिल्ड या मळ्याला दुसऱ्या श्रेणीतून पहिलीत मिळालेली बढती. म्हणजे जवळजवळ सव्वाशे वर्षे श्रेणी हलली नाही, मग मळ्याचा मालक बदलो, वाइन बिघडो वा सुधारो.

चाखून, आणि तेही ठरलेल्या निकषांवर गुण देण्याची शिस्त विसाव्या शतकातली आहे, आणि तिचा उगम काहीसा अनपेक्षित ठिकाणी, कृषी विद्यापीठात आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील केंद्रात १९५९ च्या सुमारास मेनार्ड अमरीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस गुणांची एक पत्रिका तयार केली; तिच्यात रूप, रंग, वास, आम्लता, तुरटपणा, एकूण दर्जा अशा प्रत्येक बाबीला ठरलेले गुण होते. या पत्रिकेचा हेतू उत्तम वाइन शोधण्याचा नव्हता, सदोष वाइन ओळखण्याचा होता. व्हिनेगरचा वास मारणारी, हवा लागून उतरलेली किंवा गढूळ झालेली वाइन विद्यार्थ्याला ओळखता यावी आणि तो दोष कोणत्या टप्प्यावर शिरला हे सांगता यावे, एवढीच अपेक्षा होती. वीस गुणांची ती चौकट आजही युरोपात टिकून आहे. ब्रिटनमधील जॅन्सिस रॉबिन्सन यांच्यासारख्या मान्यवर समीक्षक वीसपैकीच गुण देतात.

२४ मे १९७६ हा दिवस या इतिहासात वारंवार येतो, आणि येथे त्यावर थोडे रेंगाळणे भाग आहे, कारण त्या दिवसाचा सूत्रधार पुढे अकलूजशी जोडला गेला. पॅरिसमध्ये वाइनचे दुकान चालवणारे इंग्रज व्यापारी स्टीव्हन स्परियर यांनी कॅलिफोर्नियाच्या आणि फ्रान्सच्या वाइन झाकून, नावे न सांगता, फ्रेंच परीक्षकांसमोर ठेवल्या. नऊ फ्रेंच परीक्षकांचे गुण ग्राह्य धरण्यात आले. गुण वीसपैकी द्यायचे होते, पण वीसांची विभागणी कशी करायची हे प्रत्येकावर सोडलेले होते. पांढऱ्या वाइनमध्ये कॅलिफोर्नियाची शातो मॉन्टेलेना १९७३ पहिली आली, लाल वाइनमध्ये तेथीलच स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची १९७३ ची कॅबर्ने पहिली आली, आणि मुतों रोथशिल्ड १९७० ही तिच्या मागे, तीही अगदी थोड्या फरकाने. परीक्षक मंडळातील ओदेत कान यांनी आपली गुणपत्रिका परत मागितली, असे सांगतात. हजर असलेले एकमेव पत्रकार ‘टाइम’ साप्ताहिकाचे जॉर्ज टेबर होते. त्यांच्या लहानशा बातमीने फ्रान्सबाहेरही थोर वाइन बनू शकते ही गोष्ट जगाला कळली.

त्या निकालाचा गाजावाजा फार झाला, पण त्याच्या पोटातील अडचण मात्र दुर्लक्षित राहिली. नऊ जणांच्या गुणांची साधी सरासरी काढली, तर जो परीक्षक दोनपासून सतरापर्यंत ऐसपैस गुण वाटतो त्याचे मत, आणि जो सगळ्यांना बारा ते पंधराच्या आतच ठेवतो त्याचे मत, ही दोन्ही सारख्या वजनाची राहत नाहीत. पहिल्याच्या एका आवडीनिवडीने क्रम उलटतो आणि दुसऱ्याने कितीही काटेकोर विचार केला तरी बेरजेवर ओरखडा उमटत नाही. म्हणूनच पुढे अर्थशास्त्रज्ञांनी पॅरिसचे आकडे पुन्हा तपासले, गुणांऐवजी क्रमांक धरून मांडणी केली, आणि परीक्षकांचे आपापसांत किती जमते हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला. स्परियर स्वतः २०२१ मध्ये वारले. त्याआधी त्यांनी पिएरो मासींच्या बरोबरीने मोटेवाडीतील द्राक्षांपासून वाइनची एक मालिका घडवण्यात भाग घेतला, आणि मासी व स्परियर यांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव ‘एम/एस’ असे ठेवण्यात आले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाइनची परीक्षा घेणाऱ्या माणसाने आपले नाव माळशिरस तालुक्यातल्या बाटलीवर घातले आणि तीही परीक्षेला बसवली. परीक्षकाने स्वतःलाही तोट्याच्या बाजूला उभे केल्याचे असे उदाहरण विरळाच.

शंभर गुणांची पद्धत १९७८ मध्ये आली. मेरिलँडमधील रॉबर्ट पार्कर या वकिलाने ‘द वाइन ॲडव्होकेट’ हे पत्रक त्या वर्षी काढले, जाहिराती घेतल्या नाहीत, आणि व्यापाऱ्यांच्या मेजवान्यांवर पोसलेल्या तत्कालीन वाइनलेखनाला ग्राहकाच्या बाजूने उत्तर दिले. त्यांच्या मोजपट्टीत प्रत्येक वाइनला पन्नास गुण आधीच बहाल केलेले असतात. रंग-रूपाला पाच, वासाला पंधरा, चव आणि गिळल्यावर मागे उरणाऱ्या चवीला वीस, आणि एकूण दर्जा व मुरण्याची क्षमता यांना दहा. म्हणजे शंभरांची वाटणारी ही परीक्षा प्रत्यक्षात पन्नास गुणांची आहे, आणि व्यवहारात तर ती वीस गुणांचीही उरत नाही, कारण ऐंशीच्या खालच्या वाइनबद्दल कोणी लिहीत नाही आणि नव्वदच्या खालची वाइन दुकानदार मिरवत नाही. पस्तीस गुणांना पास आणि साठांना फर्स्ट क्लास या हिशेबात वाढलेल्या मराठी वाचकाला ८२ हा आकडा विशेष प्रावीण्याचा वाटतो; वाइनच्या बाजारात तो जवळजवळ नापासाचा शेरा आहे. एकोणनव्वद आणि नव्वद यांच्यात फरक एका गुणाचाच असला, तरी दुकानाच्या फळीवर ते अंतर फार मोठे होते.

स्पर्धांची मोजपट्टी आणखी वेगळी. आंतरराष्ट्रीय द्राक्षवेल व वाइन संघटना, जिचे लघुनाव ओआयव्ही आहे आणि भारत जिचा सदस्य आहे, तिच्या नियमावलीनुसार ८५ गुणांना सुवर्ण आणि ८२ ला रौप्य पदक देता येते, आणि एकूण नमुन्यांपैकी पदक मिळवणाऱ्यांची संख्या तीस टक्क्यांच्या आत ठेवावी लागते. लंडनच्या ‘डिकँटर’ मासिकाच्या स्पर्धेत मात्र सुवर्ण ९५ पासून सुरू होते आणि ८६ ते ८९ गुणांना कांस्य मिळते. एका ठिकाणचा सुवर्णपदकाचा किमान आकडा दुसऱ्या ठिकाणी कांस्यालाही पुरत नाही. म्हणून नुसते ‘सुवर्णपदक विजेती’ हे शब्द छापलेल्या बाटलीतून फार थोडी माहिती मिळते.

परीक्षा प्रत्यक्षात कशी होते, हे एकदा बारकाईने पाहायला हवे. बाटल्या कापडी पिशव्यांत घालून त्यांवर केवळ क्रमांक लावलेले असतात. टेबलावर पांढरे आच्छादन असते, कारण पांढऱ्यावर पेला कलता धरल्याशिवाय काठाजवळचा रंग कळत नाही, आणि लाल वाइन विटकरीकडे झुकली की तिचे वय दिसू लागते. पेला ठरावीक आकाराचा, खाली फुगीर आणि तोंडाशी निमुळता असतो, आणि त्यात वाइन जेमतेम तळाला ओतलेली असते, म्हणजे पेला हातात फिरवला की वास वर गोळा होतो. परीक्षक आधी स्थिर पेल्याचा वास घेतो, मग फिरवून घेतो. पहिल्या वासात दोष पकडायचा असतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा, बंद तळघरासारखा वास आला तर बुचातून शिरलेल्या एका रसायनाने वाइन बाधली आहे असे मानतात आणि दुसरी बाटली मागवतात. मग घोट, तो तोंडभर फिरवतात, ओठ थोडे उघडून त्यावरून हवा आत ओढतात, आणि शेवटी तो पिकदाणीत थुंकतात. वीस-तीस पेल्यांच्या रांगेत घोट गिळणारा परीक्षक दुपारपर्यंत टिकत नाही. जिभेच्या कडांना सुटणारे पाणी ही आम्लतेची खूण. हिरड्यांवर आणि गालांच्या आत बसणारा, डाळिंबाची साल चघळल्यावर येतो तसा कोरडा तुरटपणा म्हणजे द्राक्षाच्या सालीतून व बियांतून उतरलेले टॅनिन. घशाशी जाणवणारी ऊब अल्कोहोलची. थुंकल्यानंतर चव किती वेळ रेंगाळते, हे मनातल्या मनात मोजतात. लंडनच्या वाइन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्ट या संस्थेच्या अभ्यासक्रमात दर्जा ठरवण्याच्या चार कसोट्या शिकवतात, त्या म्हणजे संतुलन, चवीची लांबी, तीव्रता आणि चवीचे पदर. यांतल्या किती कसोट्यांवर वाइन उतरते, यावर तिची जागा ठरते. हे सारे एका वाइनसाठी दोन-चार मिनिटांत उरकावे लागते.

या पद्धतीत माणूस किती चुकतो, याचा हिशेबही माणसांनीच मांडला आहे. कॅलिफोर्निया राज्य मेळ्याच्या वाइन स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन या वाइननिर्मात्याने, जो मूळचा सागरविज्ञानाचा प्राध्यापक होता, एकाच बाटलीतली वाइन एकाच रांगेत तीनदा, वेगवेगळ्या क्रमांकांखाली, परीक्षकांना दिली; २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार तिन्ही वेळा एकाच पदकगटात गुण देणारे परीक्षक दहांत एक भरले. पुढच्या वर्षी त्याने तेरा अमेरिकी स्पर्धांचे निकाल एकमेकांशेजारी मांडले, तेव्हा एका स्पर्धेत सुवर्ण मिळवलेल्या बहुसंख्य वाइनना दुसऱ्या एखाद्या स्पर्धेत काहीच मिळाले नव्हते असे दिसले. फ्रान्समध्ये २००१ च्या एका प्रयोगात पांढऱ्या वाइनला बिनवासाचा लाल रंग देऊन ती वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांसमोर ठेवली, आणि त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. नाकाला काय जाणवावे हे डोळ्याने आधीच ठरवून टाकले होते. या प्रयोगांवरून ‘सगळे थोतांड आहे’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत, आणि तो निष्कर्ष आळशी आहे. दहांतला एक परीक्षक तिन्ही वेळा जागेवर राहतो, ही वस्तुस्थितीही त्याच आकडेवारीत आहे. आणि सदोष वाइन व निर्दोष वाइन, पातळ वाइन व भरदार वाइन यांतला फरक सरावलेल्या परीक्षकांच्या गटाला सहज कळतो. अविश्वास धरायचा तो ९१ आणि ९३ यांतल्या फरकावर धरावा. ७८ आणि ९३ यांतला फरक बहुधा खरा असतो.

गुणांमुळे बाजार किती हलतो, याचा एक स्वच्छ पुरावा पार्कर यांच्या अनुपस्थितीने दिला. बोर्दोत कापणीनंतरच्या वसंतात, वाइन अजून पिंपात असतानाच, ती समीक्षकांना चाखवतात आणि मग दर जाहीर होतात. २००३ च्या वसंतात पार्कर तेथे गेले नाहीत, आणि बऱ्याच मळ्यांना त्यांच्या गुणांविना दर जाहीर करावे लागले. त्या वर्षाची इतर वर्षांशी तुलना करून फ्रेंच अर्थशास्त्रज्ञांनी काढलेला पार्कर यांच्या मताचा परिणाम बाटलीमागे सुमारे २.८० युरो भरला. एका माणसाच्या जिभेची ही किंमत आहे. जिभेला किंमत आली की मळे त्या जिभेच्या आवडीकडे झुकतात; अधिक पिकलेले द्राक्ष, अधिक ओकच्या पिंपाचा वास, अधिक अल्कोहोल अशा वाइन जगभर एकसारख्या होत गेल्या, अशी तक्रार १९९० च्या दशकापासून होत आली आहे आणि ती निराधार नाही. पार्कर २०१९ मध्ये निवृत्त झाले. त्यांनी घालून दिलेली आकड्यांची सवय मात्र गेली नाही.

हा सारा पसारा माळशिरसच्या माळापर्यंत येतो तेव्हा एक नवा प्रश्न उभा राहतो. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते आणि शरदात, हवा थंड होत असताना, तिचे फळ पिकते. महाराष्ट्रात वेलीला झोप नाही. तिला दोनदा छाटून वळण लावावे लागते. एप्रिलमधील खरड छाटणीने नवी काडी तयार होते आणि त्या काडीत पुढच्या घडांची निर्मिती होते, तर सप्टेंबर-ऑक्टोबरमधील फळछाटणीनंतर येणारे घड जानेवारी ते मार्चमध्ये काढणीला येतात. म्हणजे फळ पक्व होण्याच्या शेवटच्या टप्प्यात हवा थंड होण्याऐवजी तापत जाते. साखर झपाट्याने चढते, द्राक्षातील मॅलिक आम्ल तितक्याच झपाट्याने घटते, पण सालीतले आणि बियांतले टॅनिन मात्र आपल्या गतीने पिकते आणि मागे पडते. बागायतदाराने साखरेकडे पाहून लवकर काढणी केली तर वाइनमध्ये हिरवा, कच्चा तुरटपणा राहतो. टॅनिनसाठी थांबावे तर आम्लता कोसळते आणि अल्कोहोल चढते. रात्री किंवा पहाटे काढणी करणे, पानांची सावली घडावर ठेवणे, टार्टारिक आम्लाची जोड देणे, हे त्यावरचे उपाय आहेत. टेबल द्राक्षाच्या बागेत भुरी-केवड्यावर नजर ठेवून वाढलेल्या माणसाला यातले काही नवे नाही. नवे आहे ते, खाण्याच्या द्राक्षात सद्गुण मानला जाणारा मोठा, रसाळ मणी वाइनच्या द्राक्षात दोष ठरतो, कारण मणी मोठा झाला की रसाच्या मानाने साल कमी पडते आणि रंग, वास, तुरटपणा सालीतच असतात.

तर मग बोर्दोच्या हवामानात घडलेल्या मोजपट्टीने अकलूजची वाइन मोजणे अन्याय्य आहे काय? या प्रश्नाला दोन भाग आहेत आणि ते एकत्र करून फार गल्लत केली जाते. संतुलन, लांबी, तीव्रता या कसोट्या कोणत्याही देशाच्या मालकीच्या नाहीत. अल्कोहोल घशाला झोंबत असेल आणि आम्लता पडलेली असेल तर ते सोलापुरातही वाइनचे वैगुण्यच आहे, आणि हवामान कठीण म्हणून सवलतीचे गुण मागणे उत्पादकाच्या हिताचे नाही. मात्र अनेक पत्रिकांमध्ये वाणाची ओळख पटणे, म्हणजे सांजोवेझे ही तोस्कानाच्या सांजोवेझेसारखी लागणे, यालाही मोल दिले जाते, आणि येथे मोजपट्टी खरोखर परकी ठरते. फेब्रुवारीच्या उन्हात पिकलेली सांजोवेझे तोस्कानाच्या ऑक्टोबरची नक्कल करू लागली तर ती कायम दुसऱ्या प्रतीची नक्कल राहील. मासी यांनी लाल सांजोवेझे द्राक्षापासून, सालीचा स्पर्श टाळून, पांढरी वाइन काढण्याचा प्रयोग मोटेवाडीत केला. असा प्रयोग वाणाच्या रूढ ओळखीत बसत नाही, पण या मातीत काय करता येते याचे उत्तर शोधण्याचा तो अधिक प्रामाणिक मार्ग आहे.

भारतात आकड्याला जास्तीचे वजन येण्याचे आणखी एक कारण आहे. मद्याची जाहिरात करण्यावर येथे बंधने आहेत, दूरचित्रवाणीवर तर बंदीच आहे. त्यामुळे पदक आणि गुण हीच उत्पादकाला उघडपणे सांगता येण्याजोगी गोष्ट उरते, आणि परीक्षकाचा अभिप्राय आपसूक जाहिरातीचे काम करू लागतो. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइनविक्रीला परवानगी देण्याचा निर्णय घेतला तेव्हा राज्यभर वाद पेटला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि वाद व्यसनाचा की शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा यावर झडत राहिला. व्यसनाची चिंता खोटी नव्हती, पण विकली जाणारी वाइन चांगली की वाईट, हे कोणी आणि कसे ठरवायचे, हा प्रश्न त्या गदारोळात कोणाच्याच तोंडी नव्हता. शिवाय येथे एक साधी अडचण आहे, ती उन्हाची. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. लंडनच्या थंड दालनात चाखलेल्या वाइनला मिळालेले गुण ज्या बाटलीवर छापले जातात, ती बाटली तापलेल्या ट्रकमधून येऊन दुकानाच्या पोटमाळ्यावर आठवडाभर पडून राहिली, तर आतली वाइन परीक्षकाने चाखलेली वाइन राहत नाही. फळाचा वास उडतो, चव शिजल्यासारखी होते, बूच वर सरकते. गुण मात्र तेच राहतात.

या अडचणींवर इलाज नाही असे नाही. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र काम करते आहे. सोनल हॉलंड २०१६ मध्ये मास्टर ऑफ वाइन ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या, आणि ज्या परीक्षेत बारा-बारा अनोळखी वाइनच्या तीन पत्रिका सोडवाव्या लागतात ती उत्तीर्ण होण्याची क्षमता येथे आहे हे त्यांनी दाखवले. २०१७ पासून त्यांनी भारतीय बाजारातील वाइनसाठी स्पर्धाही सुरू केली. उणीव आहे ती उघडपणाची. कोणत्याही स्पर्धेने परीक्षकांचे वेगवेगळे गुण, त्यांच्यातील सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त, दोन्ही छापले, रांगेत एक वाइन दोनदा ठेवून परीक्षकाची कसोटी घेतली, आणि निकालाबरोबर उत्पादकाला लेखी शेरा दिला, तर त्या आकड्याचे मोल आजच्या कितीतरी पट होईल. यासाठी कायदा लागत नाही आणि फार पैसाही लागत नाही.

पुढील प्रकरणांत गुणपत्रिकांचे प्रकार, वाइनमधील दोषांची रासायनिक कारणे, परीक्षक मंडळांची रचना आणि महाराष्ट्रातील वाणांच्या वाइनचे वर्णन क्रमाने येते. ती वाचताना वाचकाने दारू पिण्याची आवड बाळगली पाहिजे अशी अपेक्षा नाही. बेदाण्याच्या सौद्यात उभा राहिलेला आणि वाइनला कधी ओठ न लावलेला बागायतदारही हे विवेचन तितक्याच अधिकाराने तपासू शकेल. द्राक्ष पुरवणाऱ्या शेतकऱ्यांना आणि जिल्ह्यातील वाइनउत्पादकांना मात्र एक विनंती आहे. स्पर्धेला नमुने पाठवाल तेव्हा पदकाबरोबर परीक्षकांचा लेखी शेराही मागून घ्या, तो कोणत्या हंगामाच्या, कोणत्या प्लॉटच्या द्राक्षाचा आहे याची नोंद ठेवा, आणि पुढच्या फळछाटणीआधी तो शेरा बागेत काम करणाऱ्या माणसांना वाचून दाखवा.